अंगावर काढण्याचे दुखणे नव्हे

(किशोरवयीन मुली आणि त्यांचे पालक यांच्यासाठी झालेल्या आरोग्य प्रबोधन कार्यक्रमातील भाषणाचा संपादित मजकूर)



प्रथम एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. घर मध्यमवर्गीय, सुसंस्कृत. वडील बँकेत, आई शिक्षिका, सोबत आजी. सायंकाळी देवापुढे दिवा लागतो, परवचा होते. मुलगी दहावीत, अभ्यासात चांगली. मात्र दर महिन्याला दोन दिवस तिची शाळा बुडते. ती पोटाशी पाय घेऊन पडून राहते, उलट्या करते, कधी घामाने डबडबते. आई म्हणते, "अगं, सगळ्यांनाच होतं. आम्हीही सोसलंय." आजी ओव्याचे पाणी देते, गरम पाण्याची पिशवी भरून देते. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना गोळी येते. वडिलांना एवढेच कळते की हिचे पोट दुखते आहे. ते अधिक विचारत नाहीत, कारण अधिक विचारायचे नसते हे त्यांनाही कोणी न सांगता ठाऊक असते.

पुढे बारावीला एक प्रात्यक्षिक परीक्षा बुडते. वसतिगृहात ती चक्कर येऊन पडते. कोणी पित्त म्हणतो, कोणी जंत, कोणी अपेंडिक्सची शंका घेतो, कोणी अभ्यासाचा ताण. एका दवाखान्यात तर मुलगी जरा नाजूक मनाची आहे असेही सांगितले जाते. अखेर चोविसाव्या वर्षी सोनोग्राफीत बीजकोशावर मोठी गाठ दिसते आणि एक शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला जातो : एंडोमेट्रिओसिस.

हे घर कोणा एकाचे नाही, पण परिचित मात्र प्रत्येकाला वाटेल. यात कोणीही दुष्ट नव्हते. आई निष्काळजी नव्हती, आजी अडाणी नव्हती, वडील कठोर नव्हते. सर्वांचे त्या मुलीवर प्रेम होते. तरीही आठ-नऊ वर्षे गेली. प्रेमळ माणसांच्या घरात असे का घडावे, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

दहापैकी एक

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुलींना हा आजार असतो. जगभरात ही संख्या १९ कोटींच्या घरात जाते. म्हणजे तीनशे स्त्रिया एका सभागृहात जमल्या, तर त्यांतील तीस जणींच्या वाट्याला हे दुखणे असण्याचा संभव आहे, आणि त्यांतील कित्येकींना त्याचे नावही ठाऊक नसेल. पहिले लक्षण दिसल्यापासून निदान होईपर्यंत अनेक वर्षे लोटतात, हा अनुभव केवळ भारतातला नाही. युरोप-अमेरिकेतही तसेच घडते.

आजाराचे स्वरूप समजण्यास फारसे अवघड नाही. गर्भाशयाला आतून एक अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते आणि गर्भधारणा न झाल्यास पाळीच्या रूपाने बाहेर पडते. एंडोमेट्रिओसिसमध्ये या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाच्या बाहेर रुजते. बीजकोशावर, गर्भाशयामागच्या स्नायुबंधांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, मलाशयावर, मूत्राशयावर आणि क्वचित छातीच्या पडद्यापर्यंतही ते आढळते. बाहेर रुजलेले हे ऊतकही स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचे म्हणजे हार्मोनचे ऐकते. दर महिन्याला तेही सुजते, त्यातूनही रक्त येते. गर्भाशयातील रक्ताला बाहेर पडण्यास वाट आहे, याला नाही. मग तेथे दाह होतो, व्रण पडतात, आतले अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात हे जुने रक्त साचून घट्ट, काळपट तपकिरी होते. त्या गाठीला डॉक्टर 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. नाव गोड आहे, गाठ नाही. हा कर्करोग नव्हे, हेही येथेच सांगितलेले बरे, कारण 'गाठ' म्हटले की अर्ध्या घराचे हातपाय गळतात.

हे ऊतक तेथे जाते कसे? अमेरिकेतील ऑल्बनी येथील शल्यचिकित्सक जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असा सिद्धान्त मांडला की, पाळीचे काही रक्त उलट दिशेने गर्भनलिकांतून पोटात जाते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. हा सिद्धान्त आजही मानला जातो, परंतु तो अपुरा आहे. असे उलटे वाहणे बहुतेक स्त्रियांत घडते, आजार मात्र थोड्यांनाच होतो. आनुवंशिकतेचा भाग निश्चित आहे. आई किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास असेल तर मुलीला तो होण्याची शक्यता वाढते. येथे एक विचित्र गोष्ट घडते. "मलाही असंच व्हायचं" हे आईचे वाक्य वास्तविक धोक्याची सूचना ठरावे. घराघरांत तेच धीर देण्याचे वाक्य होऊन बसले आहे.

सोशिकतेचा गुण आणि त्याची मर्यादा

आपल्या समाजाने स्त्रीच्या सोशिकतेला मोठे स्थान दिले. त्या गुणावर पिढ्यान्‌पिढ्या संसार उभे राहिले, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दुःख सोसणे वेगळे आणि रोग अंगावर काढणे वेगळे. मुलाला दर महिन्याला दोन दिवस असह्य डोकेदुखी झाली असती तर त्याच घराने किती डॉक्टर पालथे घातले असते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

परंपरेनेच असे सांगितले आहे, असे म्हणण्यातही अर्थ नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात योनिव्यापदांचा म्हणजे स्त्रीरोगांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वीस प्रकार सांगितले असून त्यांत 'उदावर्तिनी' नावाचा एक आहे : ज्यात रज अत्यंत वेदनेने बाहेर पडते आणि ते सुटले की स्त्रीला आराम वाटतो. आता, एंडोमेट्रिओसिस आमच्या ग्रंथांत आधीच होता असा दावा करण्याचा मोह येथे काहींना होईल. तो टाळावा. शरीरात काय घडते हे दाखवणारी साधने तेव्हा नव्हती, आणि असा दावा केल्याने चरकाचे मोठेपण वाढतही नाही. घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. पाळीतील तीव्र वेदना ही त्या आचार्यांनी स्त्रीजन्माचा भोग म्हणून सोडून दिली नाही. तिची रोगांत गणना केली आणि तिच्यावर चिकित्सा सांगितली. मग आजची शिकलेली आई ती भोग का मानते?

याच मातीतील एक उदाहरण प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे सभेसमोर उभे राहून आपण अमेरिकेला का जाणार आहोत हे सांगितले. भारतात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. स्त्रिया आपली दुखणी पुरुष डॉक्टरांपुढे उघड करीत नाहीत, त्यापेक्षा यातना पत्करतात, हे त्या जाणून होत्या. १८८६ साली त्या पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. आज तालुक्याच्या गावीही स्त्री-डॉक्टर आहेत. अडचण आता डॉक्टर नसण्याची उरलेली नाही. मुलगी आईला सांगत नाही, आणि सांगितले तरी आई ते दुखणे डॉक्टरपर्यंत नेत नाही, अशी ती झाली आहे.

चार दिवस बाहेर बसण्याची प्रथा बहुतेक शहरी घरांतून गेली. त्या प्रथेत स्त्रीला विश्रांती मिळत असे, असे तिचे समर्थन काही ज्येष्ठ आजही करतात. कुणाला मिळतही असेल. पण घडले असे की प्रथा गेली तेव्हा तिच्याबरोबर विश्रांती गेली आणि संकोच मागे राहिला. आता मुलगी त्या दिवशीही लोकल पकडते, क्लासला जाते, आणि दुखते आहे हे सांगत मात्र नाही. जनऔषधी केंद्रांत २०१९ पासून एक रुपयात सॅनिटरी पॅड मिळू लागले, वस्त्यावस्त्यांत सेविकांनी त्याचा प्रसार केला, हे काम मोलाचेच आहे. स्वच्छतेवर बोलण्याइतका समाज मोकळा झाला. वेदनेवर बोलणे अजून बाकी आहे.

परदेशातही हे मौन होते. इंग्रज कादंबरीकार हिलरी मँटेल यांना तरुण वयात अशाच वेदना होत. त्यांना मानसिक रोगाची औषधे दिली गेली. पुढे बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात वाचून त्यांनी स्वतःच आपल्या रोगाचे नाव शोधले. तोवर फार उशीर झाला होता. सत्ताविसाव्या वर्षी, १९७९ मध्ये, शस्त्रक्रियेत त्यांचे गर्भाशय आणि बीजकोश काढावे लागले. त्यांना मूल झाले नाही. पुढे बुकर पारितोषिक त्यांना दोनदा मिळाले, परंतु आपल्या आजाराविषयी लिहिताना त्यांनी ही हानी कधी लपवली नाही. मद्रासमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नावारूपाला आलेल्या पद्मा लक्ष्मी यांचे निदान वयाच्या छत्तिसाव्या वर्षी झाले. २००९ मध्ये त्यांनी या आजारासाठी तेथे एक प्रतिष्ठान स्थापन केले. प्रसिद्धी, पैसा, उत्तम रुग्णालये हे सारे हाताशी असलेल्या स्त्रीलाही नुसते नाव कळण्यास इतका काळ लागला, हे लक्षात घ्यावे.

डॉक्टरकडे कधी आणि कसे

पाळीच्या पहिल्या दिवशी थोडे पोट दुखणे, कंबर भरून येणे हे स्वाभाविक आहे. गर्भाशय आकुंचन पावते, त्याची ती कळ असते. शेक घेतला, एखादी गोळी घेतली की मुलगी उठून कामाला लागते. परंतु गोळी घेऊनही दुखणे थांबत नसेल, दर महिन्याला शाळा, महाविद्यालय किंवा नोकरी बुडत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल, त्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला कळ येत असेल, वर्षागणिक त्रास वाढत असेल, विवाहितेला पतीसहवासात वेदना होत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाण्यास एक महिनाही लावू नये. एकाएकी अतितीव्र कळ, मूर्च्छा किंवा ताप आला तर थेट रुग्णालयात न्यावे. गाठीला पीळ पडलेला असू शकतो.

जाण्यापूर्वी एक साधे काम करावे. बहुतेक मराठी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय असते. त्यावर दुधाचा हिशेब असतो, गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख असते, आणि पाळीच्या तारखेला एखादी बारीकशी खूण असते. त्या खुणेला जोडून मुलीने स्वतःच्या वहीत आणखी चार गोष्टी लिहाव्यात : दुखणे दहापैकी किती, कोठे, कोणती गोळी किती वेळा घेतली, आणि त्या दिवशी काय करता आले नाही. तीन महिन्यांची अशी नोंद डॉक्टरला अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा अधिक सांगते. 'खूप दुखतं' हे वाक्य हवेत विरते. 'तीन महिन्यांत पाच दिवस कॉलेज बुडाले' हे विरत नाही.

सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे आजार नाही, असे समजू नये. गाठ असेल तर ती दिसते. पोटाच्या पडद्यावर रुजलेले बारीक ठिपके पुष्कळदा दिसत नाहीत. अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करीत नाहीत, त्यामुळे तर अधिकच. आवश्यकता वाटल्यास डॉक्टर एमआरआय सांगतात. पूर्वी दुर्बिणीतून पोटात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान पक्के मानले जात नसे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी तो आग्रह सोडला. लक्षणांवरून दाट संशय असेल तर थेट औषध सुरू करून पाहता येते. आणखी एक गोष्ट कुटुंबाने ध्यानात ठेवावी. आजाराच्या चार पायऱ्या सांगतात, पण पायरी आणि वेदना यांचा मेळ बसतोच असे नाही. चौथ्या पायरीच्या एखादीला फारसे दुखत नाही, आणि पहिल्या पायरीची एखादी महिन्याचे चार दिवस अंथरुणात असते. "रिपोर्टमध्ये तर थोडंसंच आहे" असे म्हणून तिला उठवू नये.

मुंबईत परळ येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन व बालस्वास्थ्य यांवरील राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. भारतीय स्त्रियांतील एंडोमेट्रिओसिसचा अभ्यास तेथे चालतो. आजवरचे बहुतांश ज्ञान पाश्चात्त्य स्त्रियांच्या तपासणीतून आलेले असल्याने या कामाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

उपचार, आणि घरातील एक विसंगती

या आजाराचा समूळ नाश करणारे औषध आज नाही. तो ताब्यात ठेवता येतो, जसा मधुमेह ठेवता येतो. पहिली पायरी वेदनाशामकाची. मेफेनॅमिक आम्लाची किंवा तत्सम गोळी दुखणे शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, आणि काही खाल्ल्यानंतर, डॉक्टरने सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. दमा, मूत्रपिंडाचे विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक आम्लामुळे क्वचित उद्भवणाऱ्या गंभीर अ‍ॅलर्जीविषयी सावधगिरीची सूचना दिली होती. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ, ताप किंवा सूज आली तर ती थांबवून डॉक्टरला दाखवावे. शेंगदाण्यासारखी वाटीत काढून ठेवण्याची ही वस्तू नव्हे.

दुसरी पायरी हार्मोनची. डायनोजेस्टची रोजची २ मिलिग्रॅमची गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, किंवा विवाहितेला विशेष सोयीचे असे गर्भाशयात बसवण्याचे हार्मोनयुक्त साधन, यांपैकी काय द्यायचे हे डॉक्टर वय आणि प्रकृती पाहून ठरवतात. तत्त्व एकच : बाहेर रुजलेल्या ऊतकाला दर महिन्याचा निरोप पोहोचू द्यायचा नाही. पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, काहींची मनःस्थिती खालावते. तसे झाल्यास ते सांगावे, औषध बदलता येते. पुढे पाळी पुष्कळदा थांबते, आणि मग घरात नवी भीती शिरते की रक्त आत साठत तर नसेल? साठत नाही. या औषधाने अस्तर वाढतच नाही, मग साठणार काय?

येथे एक विसंगती स्पष्ट बोलून दाखवली पाहिजे. गणपती आले, घरात सत्यनारायण आहे, कुणाचे लग्न आहे, आणि सुनेची किंवा मुलीची तारीख नेमकी तेव्हाच येते आहे, असे दिसले की 'पाळी पुढे ढकलण्याची गोळी' बिनदिक्कत आणली जाते. बहुधा चिठ्ठीही नसते. त्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असते, म्हणजे हार्मोनच. एंडोमेट्रिओसिसच्या उपचारातही ते वापरले जाते. परंतु तेच घर, तीच आई, डॉक्टरने मुलीच्या वेदनेसाठी हार्मोनची गोळी लिहिली की म्हणते, "नको बाई ते हार्मोन, पुढे काही झालं तर?" पूजेसाठी चालणारे औषध वेदनेसाठी का चालू नये, याचे उत्तर कोणत्याही धर्मशास्त्रात सापडणार नाही. गर्भनिरोधक गोळीचे पाकीट अविवाहित मुलीच्या पर्समध्ये कोणी पाहिले तर काय म्हणेल, ही भीतीही खरी आहे. ती आईने स्वतःकडे घ्यावी. नातेवाइकांनी विचारलेच तर "डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे" एवढे तिने ठामपणे म्हटले की प्रश्न मिटतो.

शस्त्रक्रिया ही पुढची पायरी. दुर्बिणीतून रुजलेले ऊतक आणि गाठी काढल्या जातात, अनेकींना त्याने मोठा आराम पडतो. पण आजार पुन्हा उद्भवू शकतो, आणि बीजकोशावर वारंवार शस्त्रक्रिया झाल्यास बीजांडांचा साठा घटतो. म्हणून तरुण मुलीच्या बाबतीत ती केव्हा करायची, किती करायची, हे या कामाचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे. दुसरे मत घेणे हा डॉक्टरचा अपमान नव्हे. दोन्ही बीजकोशांवर गाठी असतील तर शस्त्रक्रियेपूर्वीच रक्ततपासणीने साठ्याचा अंदाज घ्यावा, बीजांडे गोठवून ठेवण्याविषयी विचारावे.

'पिशवी काढून टाका, कटकट संपेल' हा सल्ला महाराष्ट्राला नवा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्या सर्वांना हाच आजार होता असे मुळीच नाही. पण पोटाचे दुखणे, पांढरे जाणे यांसाठी ऐन तिशीत पिशवी काढली जावी इतका तो मार्ग सोपा झाला होता, हे समोर आले. एंडोमेट्रिओसिस मुळात गर्भाशयाच्या बाहेरचा आजार आहे. पिशवी काढूनही तो मागे राहू शकतो.

योगासने, चालणे, प्राणायाम यांनी स्नायू सैल होतात, झोप सुधारते, वेदनेशी जुळवून घेण्याचे बळ येते. त्यांनी चॉकलेट सिस्ट विरघळते असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर शिकलेल्या वैद्याकडून घ्यावेत, आणि वैद्य व स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांनाही एकमेकांची औषधे ठाऊक असू द्यावीत. एकापासून दुसरे लपवण्यात नुकसान मुलीचेच होते.

महाविद्यालय, नोकरी आणि लग्न

या आजारासह जगणाऱ्या तरुणीची दिनचर्या तिच्या तारखांभोवती फिरते. प्रवास, परीक्षा, मुलाखत ठरली की ती आधी बोटांवर दिवस मोजते. वेदनेइतकाच थकवा त्रास देतो आणि तो बाहेरून दिसत नाही. चेहरा टवटवीत असल्याने 'ही कारणे सांगते' असा शिक्का बसतो. अशा वेळी संस्थेला एका व्यक्तीने तरी विश्वासात घेणे उपयोगी पडते : वसतिगृहाच्या रेक्टर, वर्गशिक्षिका, कार्यालयातील वरिष्ठ. बिहार सरकारने १९९२ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली. केरळने २०२३ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थिनींना उपस्थितीत सवलत दिली. अशा सवलतींनी नोकरीत मुलींना मागे टाकले जाईल, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य अगदीच नाही असे नाही. परंतु निदान झालेल्या रुग्णेला डॉक्टरच्या दाखल्यावर सवलत देण्यास कोणाचीच हरकत नसावी. मोडलेल्या हाताला ती मिळतेच.

आता सर्वांत नाजूक भाग. निदान होताच अनेक घरांत पहिला सल्ला येतो, "लग्न उरकून टाका, एक मूल झालं की सगळं ठीक होईल." काही डॉक्टरही तो देत आले. गरोदरपणात पाळी थांबते, तेवढा काळ काहींना आराम पडतो हे खरे, पण आजार जात नाही. उपचार म्हणून गर्भधारणा सुचवू नये, असे २०२२ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितले आहे. बावीस वर्षांच्या मुलीचे शिक्षण अर्धवट सोडवून, औषध म्हणून तिला विवाहवेदीवर उभे करणे हा विवाहसंस्काराचाही अवमान आहे. मूल होण्यास या आजारात अडचण येऊ शकते, आणि अनेकींना कोणत्याही उपचाराविना मूल होतेही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. भीती दाखवण्यासाठी पहिलीच सांगितली जाते आणि स्थळ हातचे जाऊ नये म्हणून दुसरीच.

स्थळाकडच्यांना सांगायचे की नाही, यावर आईवडील रात्र रात्र जागतात. "आत्ता कशाला, नंतर बघू" असे ठरते. त्यानंतर काय होते? सहवासात वेदना होतात, ती नवऱ्याला सांगू शकत नाही, तो समजतो हिला मन नाही. औषधे चोरून घ्यावी लागतात. वर्ष-दोन वर्षांत 'पाळणा केव्हा' सुरू होते. ज्या दिवशी फाइल सापडते त्या दिवशी आजाराची गोष्ट बाजूला राहते आणि फसवणुकीची सुरू होते. सांगितल्याने एखादे स्थळ मोडेल, कदाचित दोन. जे घर एवढ्याने माघार घेते त्या घरात ती चार दिवस कशी काढणार होती, हे तेव्हाच कळलेले बरे. वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात हे लिहिण्याचे कारण नाही. पसंती दोन्हीकडून झाली, मुलगा-मुलगी पुन्हा भेटली की तिने स्वतः सांगावे. वडिलांनी मध्यस्थामार्फत कळवू नये.

मुलाकडच्या मंडळींचेही येथे काम आहे. पत्रिका, रक्तगट, उंची विचारणाऱ्या घरातील मुलाने समोरची मुलगी हे सांगत असताना खाली न पाहता ऐकून घ्यावे, पुढच्या वेळी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन आपले प्रश्न विचारावेत. कुटुंब प्रबोधनात आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, बोलावे, असे सांगितले जाते. त्या बोलण्यात इतिहास येतो, सण येतात, देशाची स्थिती येते. घरातल्या लेकीच्या आणि सुनेच्या प्रकृतीचा विषय वडिलांनी आणि सासऱ्यांनी एकदा स्वतःहून काढावा. पहिल्या वेळी सारेच ताटाकडे पाहतील. दुसऱ्या वेळी कोणीतरी बोलेल.

आणि सोनोग्राफीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, शस्त्रक्रिया झाली असल्यास तिची सीडी, तीन महिन्यांची ती नोंदवही, हे सारे एका फाइलमध्ये लावून ठेवावे. ती फाइल आईच्या कपाटात साड्यांच्या खाली नको. तिच्यावर मुलीचे नाव असावे, आणि सासरी जाताना ती तिच्या हातात असावी.